फुकटचे सॅम्पल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काम द्यायचे की नाही हे ठरवण्याआधी चित्रकाराकडून विनामोबदला जे चित्र काढून घेतले जाते, त्याला या धंद्यात ‘सॅम्पल’ किंवा ‘टेस्ट’ म्हणतात. मुलांच्या पुस्तकांत ही मागणी नेहमीची आहे. गोष्ट येते, एका जोडपानाचे रंगीत चित्र मागितले जाते आणि ‘आवडले तर पूर्ण पुस्तक तुमचेच’ असे सांगितले जाते. वहिनीकडून जे कळले ते याच प्रकारातले. बाळाने तीन जोडपाने पूर्ण रंगवून त्यांची छपाईच्या मापाची मूळ फाइल पाठवून दिली, आणि पुढे उत्तर नाही.

नमुना पाहण्यात गैर काही नाही. एकच पात्र चार पानांवर तेच वाटते का, हे प्रकाशकाला कळायला हवे. पण त्यासाठी पोर्टफोलिओ असतो. त्यात नसलेले काही पाहायचे असेल, समजा भरलेला आठवडी बाजार, तर पेन्सिलीचे रफ पुरते. रंगवलेले जोडपान ही चाचणी राहत नाही, ते कामच होते. त्यातही पहिले पान सर्वांत कष्टाचे. पात्राचा चेहरा, कपडे, रंगसंगती सगळे तिथेच ठरते आणि पुढची पाने त्या आधारावर निघतात. फुकट मागितले जाते ते नेमके हेच पान. बत्तीस पानी पुस्तकात जोडपाने साधारण 14. त्यातली तीन देणे म्हणजे पुस्तकाचा पाचवा हिस्सा आणि वर थोडे देऊन टाकणे. रात्री जागून, जेवणाच्या वेळा चुकवून हे करणे बरे नव्हे, हे आत्याने स्पष्ट सांगायलाच हवे.

कायदा इथे चित्रकाराच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा ठरतो. मोबदलाच दिलेला नसेल तर हा अपवाद लागत नाही आणि हक्क चित्रकाराकडेच राहतो. कलम 19 प्रमाणे तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी करार आणि सही लागते; फाइल पाठवल्याने हक्क जात नाही. म्हणूनच ‘पाठवलेले साहित्य आमचे राहील’ असे छापलेल्या फॉर्मवर वाचल्याशिवाय सही करू नये. मात्र संरक्षण चित्राला आहे, कल्पनेला नाही. तीच कल्पना दुसऱ्या हाताने वेगळी काढून घेतली तर दाद मागणे कठीण.

फाइलचे मापही आधीच ठरवता येते. 1000 पिक्सेल रुंदीचे चित्र पडद्यावर नीट दिसते, पण 300 डीपीआयला छापले तर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरते. नमुना तेवढाच जावा, वॉटरमार्कसह. रंगकाम हवेच असेल तर त्याचे पैसे वेगळे ठरावेत, पुढे पुस्तक मिळो वा न मिळो.

आत्याच्या तरुणपणी चित्र बोर्डावर, पोस्टर कलरमध्ये होई. दिवाळी अंक निघाला की बोर्ड छापखान्यातच राही. परत मागायचा संकोच वाटे. माळ्यावरच्या ट्रंकेत नुसती छापील पानेच का, असे बाळाने लहानपणी विचारले होते. कारण हे. त्या बोर्डांतले एक तरी घरी असायला हवे होते, असे आत्याला अजून वाटते.

राहता राहिले ते न आलेले उत्तर. वहिनी म्हणते, तेव्हापासून बाळाने पेन हातात धरलेले नाही. उत्तर न येण्याची कारणे पुष्कळ असतात: मालिका रद्द होते, संपादक बदलतो, बजेट आटते, कोणी कमी पैशांत तयार होतो. यातल्या एकाही कारणाचा चित्राच्या बऱ्यावाईटाशी संबंध नाही. बाळाने एकदा लेखी विचारावे, आठ-दहा दिवसांची मुदत घालावी, आणि तरी उत्तर नसेल तर ही पाने पोर्टफोलिओत लावावीत. हक्क देण्याचा लेखी करार झाला नसेल तर ती त्याचीच आहेत.

वहिनीने ती फोनवर दाखवली. ओच्यात चिंचा घेतलेल्या आजीच्या चित्रात ओच्याला वजनाने पडलेला झोळ इतका खरा आहे की तसा आत्याला कधी साधला नाही. या महिन्याच्या भाड्याची अडचण असेल तर वहिनीला काळजी न लावता आत्याला सांगावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. रविवारी जेवायला यावे. येताना पाने मोठ्या मापात घेऊन यावीत, आत्याला ती नीट पाहायची आहेत.

कळावे,
आत्या