नवा कॉम्प्युटर, जुनी डिस्क : दोष शोधावा कसा?

नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आमच्या ओळखीच्या एका तरुणाचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, दुकानांची पत्रके अशी कामे तो करतो. ऐन लग्नसराईत त्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. कंपनीचा तयार कॉम्प्युटर परवडेना म्हणून त्याने सीताबर्डीतून सुटे भाग आणले आणि घरीच जोडणी केली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी नवीन घेतली. कॅबिनेट आणि डीव्हीडी ड्राइव्ह मात्र जुनेच ठेवले. बटण दाबताच पंखा फिरला, स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचे नाव आले, पण विंडोजची डिस्क आत असूनही गाडी पुढे सरकेना. सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची एक ओळ येई आणि मशीन तिथेच थांबे.

दुसऱ्या दिवशी एक मेकॅनिक पाहून गेला. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला की बोर्ड गेला, दुसरा घ्यावा लागेल. संध्याकाळी त्या तरुणाचा आम्हाला फोन आला. "चाचा, बोर्ड बदलून टाकू का? हातातला पैसा तर सारा यातच गेला. आणि तीन घरच्या पत्रिका अडकल्या आहेत."

आम्ही त्याला थांबवले. जो बोर्ड स्क्रीनवर आपले नाव दाखवतो तो मेलेला कसा? विणकर बंधूंना हे सांगायला नको. कापडात दोष दिसला की कारागीर आधी ताणा पाहतो, बाणा पाहतो, मग धोटा पाहतो. पहिल्याच झटक्यात तो माग मोडीत काढत नाही. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. तपासणीला क्रम हवा.

मशीन सुरू होते म्हणजे काय होते?

बोर्डावरच्या एका लहान चिपमध्ये एक प्रोग्राम कायमचा असतो. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आताच्या सुधारित प्रकाराला यूईएफआय म्हणतात. वीज मिळताच हा प्रोग्राम प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीन ठीक आहेत का ते पाहतो. नंतर तो एसएसडी, डीव्हीडी, पेनड्राइव्ह अशा साधनांची यादी ठरलेल्या क्रमाने तपासतो. ज्या साधनावर सुरू करण्याजोगे काही सापडेल, त्याच्या हाती तो कारभार सोपवतो.

सीडीवरून थेट मशीन सुरू करण्याची सोयही पहिल्यापासून नव्हती. आधी १.४४ एमबीच्या फ्लॉपीने मशीन सुरू करावे लागे. सीडीसाठीचा नियम फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ साली ठरवला. म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यात एक करार असतो. दोघे एकाच कराराचे असतील तरच काम चालते. आमच्या तरुण मित्राच्या अडचणीचे मूळ इथेच होते, हे पुढे कळेल.

पायरी पहिली : स्क्रीनवर काही येते का?

काहीच येत नसेल तर डिस्कचा विचार सोडा. वीज बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरू द्या. मग पुढील गोष्टी पाहा. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांची वेगळी वीजजोडणी असते, ती नवशिक्याकडून हमखास राहते. रॅम खटका बसेपर्यंत दाबलेली असावी. दोन रॅम असतील तर एकच ठेवून पाहावी. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असते, त्यांत ग्राफिक्स नसते. त्यांना वेगळे कार्ड लागतेच. डीडीआर५ रॅम असलेले नवे मशीन पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे स्क्रीन काळी राहू शकते. अशा वेळी घाईने बटण दाबू नये.

पायरी दुसरी : बोर्डाला ड्राइव्ह दिसतो का?

मशीन सुरू होताच डिलीट किंवा एफ२ ही कळ वारंवार दाबावी. बोर्डाची सेटिंग उघडते आणि तिथे जोडलेल्या साधनांची यादी असते. डीव्हीडी ड्राइव्हचे नाव त्या यादीत नसेल तर क्रम बदलून काहीही होणार नाही. ड्राइव्हला दोन केबली लागतात, एक विजेची आणि एक माहितीची. ट्रे बाहेर येतो म्हणजे वीज पोचते एवढेच सिद्ध होते, माहितीची केबल ठीक आहे असे नाही.

आमच्या मित्राच्या यादीत ड्राइव्ह नव्हताच. केबल बदलली, तरी नाही. तेव्हा बोर्डासोबत आलेली पुस्तिका उघडली. अनेक बोर्डांवर एसएसडीची एम डॉट टू जागा आणि एखादे साटा सॉकेट यांची वाट एकच असते. तिथे एसएसडी बसवली की ते सॉकेट आपोआप बंद होते. त्याने ड्राइव्हची केबल नेमकी त्याच सॉकेटात लावली होती. केबल शेजारच्या सॉकेटात लावताच ड्राइव्हचे नाव यादीत आले. पहिला दोष खर्चाविना मिटला.

रुंद पट्टीच्या केबलची जुनी मशीन दुरुस्त करणाऱ्यांनी आणखी एक बाब पाहावी. एकाच पट्टीवर दोन साधने असतील तर मागची छोटी पिन एकाला 'मास्टर' आणि दुसऱ्याला 'स्लेव्ह' अशी हवी. दोन्ही सारखी असली की अनेकदा एकही दिसत नाही.

पायरी तिसरी : क्रम बरोबर आहे का?

सेटिंगमध्ये डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह पहिल्या क्रमांकावर ठेवावा. त्याहून सोपे म्हणजे सुरू होताना एफ८, एफ११ किंवा एफ१२ दाबून एका वेळेपुरते साधन निवडावे. कळ कोणती ते बोर्डाच्या कंपनीवर अवलंबून असते. विंडोजच्या डिस्कवर 'कोणतीही कळ दाबा' अशी ओळ काही सेकंदच राहते. ती चुकली तर डिस्क सुरू होत नाही आणि माणूस डिस्कला दोष देतो. मात्र विंडोज भरताना मशीन मधेच स्वतःहून पुन्हा सुरू झाले तर तेव्हा कळ दाबू नये, नाहीतर सारे काम पहिल्यापासून सुरू होते.

पायरी चौथी : डिस्क योग्य आहे का?

डिस्क दुसऱ्या चालू मशीनवर लावून पाहावी. नागपूरच्या धुळीत जुन्या ड्राइव्हची लेन्स मळते, हेही ध्यानात असावे. डिस्क घरी तयार केली असेल तर ती उघडून पाहा. आत फक्त एकच मोठी आयएसओ फाइल दिसली तर डिस्क चुकीची बनली आहे. फाइल नुसती डिस्कवर टाकायची नसते, 'इमेज' म्हणून लिहायची असते.

आमच्या मित्राची डिस्क मात्र सुस्थितीत होती. जुन्या मशीनवर ती कित्येकदा चालली होती. मग दोष कोणता? ती ३२ बिटची विंडोज ७ ची डिस्क होती. विंडोज ७ आले २००९ साली. त्याची ३२ बिटची डिस्क जुन्या बायोसच्या पद्धतीनेच सुरू होते, यूईएफआय पद्धतीने नाही. नव्या बोर्डांत जुन्या पद्धतीसाठी सीएसएम नावाची सोय असे, पण कित्येक बोर्डांतून ती आता काढून टाकली आहे किंवा बंद ठेवलेली असते. डिस्कही चांगली आणि बोर्डही चांगला, फक्त करार जुळत नव्हता. हा दुसरा दोष.

सीएसएम शोधत बसण्यात अर्थ नव्हता. विंडोज ७ ला कंपनीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नव्या मशीनवर विंडोज ११ घालणेच शहाणपणाचे. त्याला यूईएफआय, टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. त्याची फाइल ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावतही नाही. म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचे मोफत साधन उतरवून घरातल्याच ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार केले. असे करताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, म्हणून त्यातले फोटो आणि हिशेब आधी काढून ठेवावेत. पेनड्राइव्ह लावला, एफ११ दाबली आणि मशीन लगेच पुढे सरकले. तीन घरच्या पत्रिका दुसऱ्या दिवशी छपाईला गेल्या.

विंडोज उतरवणे मोफत असले तरी ते वापरण्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. बाजारातल्या चोरीच्या डिस्कांत व्हायरस असतो आणि तो गिऱ्हाइकांची माहिती व बँकेची खाती धोक्यात घालतो. ज्यांना परवाना परवडत नाही त्यांना उबंटू किंवा लिनक्स मिंट मोफत मिळते. ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, काही भरावे लागत नाही. त्याने मशीन चालले तर बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर बहुधा ठीक आहेत असे समजावे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. तीन बदल एकदम केले तर मशीन सुरू होईल, पण दोष कुठे होता ते कधी कळणार नाही. ज्या भागाविषयी शंका आहे त्याच्या जागी दुसऱ्या मशीनमधला चालू भाग लावून पाहावा आणि मगच नवा घ्यावा. पक्के बिल घ्यावे व त्यावर भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, म्हणजे वॉरंटीत तो बदलून मागता येतो. बोर्डासोबतची पुस्तिका फेकू नये.

दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या बंधूंनाही एक सांगणे आहे. 'बोर्ड गेला' हे शब्द तोंडातून काढण्यापूर्वी या चार पायऱ्या पाहाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. तपासणीचे रास्त पैसे मागावेत, ते कोणी नाकारत नाही. पण चांगला भाग वाईट ठरवून विकलेला दुसरा भाग एकदाच नफा देतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही.