तळघराच्या कोब्यावर लाकडी भिंत

अमेरिका-कॅनडातल्या तळघरात खोली काढताना उभारलेली भिंत सहसा घराचा भार घेत नाही. लाकडी सांगाडा वर तुळयांना धरलेला असतो. खालच्या पट्टीने जागचे हलायचे नाही, एवढेच तिचे काम. त्यासाठी वीतभर अंतरावर स्क्रू मारण्याची हौस नको.

आधी कोब्याच्या पोटात काय आहे ते पाहावे. गरम पाण्याच्या नळ्या असतील तर जमीन ओली करून त्या तापवाव्यात. जिथे ती आधी वाळते तिथे नळी. अशा जागी भोक न पाडता पट्टी चिकटवलेली बरी.

काँक्रीट कोरडे दिसले तरी ओल धरते. म्हणून पट्टी औषध मुरवलेल्या लाकडाची, आणि तिच्याखाली फोमचा पातळ थर. अमेरिकेत 2003 अखेर घरगुती लाकडातले आर्सेनिक जाऊन तांबे वाढले, आणि ते साध्या पोलादाला खाते. तेव्हा खिळे-स्क्रू जस्ताच्या जाड थराचे किंवा स्टेनलेसचेच घ्यावेत.

वरच्या तुळईवरून ओळंबा सोडून खाली सूत मारले की भोकांची पाळी. काँक्रीटच्या पाव इंची स्क्रूला 3/16 इंचाचे बिट लागते. स्क्रू काँक्रीटमध्ये किमान एक इंच जावा, पावणेदोनपेक्षा जास्त नको. दीड इंची पट्टी धरून पावणेतीन इंची स्क्रू पुरतो. भोक त्याहून पाव इंच खोल ठेवून धूळ व्हॅक्यूमने काढावी. मध्येच अडकणारा स्क्रू बहुधा धुळीने अडकतो. जोर लावला की त्याचे डोके तुटते. तोंडाने फुंकणाऱ्याच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत सिलिका जाते, ते वेगळेच. काडतुसाची खिळाबंदूक झपाट्याने काम उरकते, पण काँक्रीटच्या कडेपासून तीन इंचांच्या आत चालवली तर टवके उडवते.

डेन्व्हरच्या आसपास मात्र हा हिशेबच उलटतो. तिथली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि कोबा वर उचलते. खाली-वर घट्ट बांधलेली भिंत मग वरचे घर ढकलते, दारे अडकतात. म्हणून तिथे भिंत टांगती असते: एक पट्टी जमिनीला, तिच्यावर दीड इंच किंवा स्थानिक नियमाप्रमाणे जास्त मोकळी जागा, मग सांगाड्याची पट्टी. दोन्ही पट्ट्यांतून लांब, जाड खिळे ओवलेले असतात. कोबा उचलला की खालची पट्टी त्यांच्यावरून वर सरकते. ड्रायवॉल जमिनीला टेकवायची नाही, आणि स्कर्टिंग एकाच पट्टीला ठोकायचे. दोन्हींना ठोकले, तर मुसळ केरात.