कार्यशाळेंतील पहिला धडा

कार्यशाळेच्या भिंतीवर नियमांचा तक्ता टांगला कीं आपलें कर्तव्य संपलें, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत असे. सातवींतील एका विद्यार्थ्यानें तो भ्रम घालविला. ड्रिल फिरत असतां लोखंडाचा कीस झाडण्यास त्यानें हात पुढें केला, आणि सदऱ्याची बाही त्यांत गुंडाळली गेली. कापड जुनें होतें म्हणून तें फाटलें व हात वांचला. मागाहून विचारतां त्यानें सर्व नियम बिनचूक म्हणून दाखविले! दोष त्याचा नव्हता. आमच्या शिकविण्याचा होता.

तेव्हांपासून आम्ही नियमाआधीं त्याचें कारण शिकवितों. विद्यार्थ्यांनीं पुढील गणित स्वतः करून पाहावें. मिनिटास १,४०० फेरे घेणारें ड्रिल सेकंदास २३ हून अधिक फेरे घेतें. धोका दिसल्यापासून हात मागें घेण्यास आरंभ होईपर्यंत सुमारें पाव सेकंद जातो. तेवढ्यांत जवळजवळ ६ फेरे होतात. बाही अडकलेल्या भागाचा घेर १० सेंटिमीटर असल्यास सुमारें ५८ सेंटिमीटर कापड गुंडाळलें जातें. अर्थात् येथें चपळपणा कामास येत नाहीं. बाही दुमडावी, वेणी व ओढणी घट्ट बांधावी, आणि कीस काढावयाचा तो यंत्र पूर्ण थांबल्यावर ब्रशानें काढावा. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजेही घालूं नयेत. मोजा अडकला कीं त्याबरोबर बोटें ओढलीं जातात.

इतर नियमांसही अशींच कारणें आहेत. घाव बसून छिन्नीचें डोकें पसरतें व त्याच्या कडांचे तुकडे उडतात; म्हणून तें घासून घ्यावें व डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. बिनमुठीच्या कानशीचें मागचें टोंक तळहातांत शिरतें. गंधकाम्ल पाण्यांत हळूहळू घालावें. अम्लांत पाणी ओतल्यास तें उष्णतेनें उकळून अम्लासह अंगावर उडतें.

आमच्या परभणी जिल्ह्यांतील मुलांस हा धडा शाळेपुरता नाहीं. सुगींत त्यांच्या घरीं सोयाबीन, तूर, हरभरा हीं पिकें मळणीयंत्रावर येतात. पीक आंत लोटतांना देशांत कित्येकांनीं हात गमावले; म्हणून १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. भारतीय मानकाप्रमाणें मळणीयंत्राची पीक सोडण्याची पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब असावी लागते. माणसाचा हात त्याहून आंखूड असतो. पन्हळीबाहेर उभ्या असलेल्या माणसाची बोटें फिरत्या दात्यांपर्यंत पोंचूं नयेत, हाच तिचा हेतु.

विद्यार्थिमित्रांनो, यंदा सुगीपूर्वीं यंत्र बंद असतांना, वडील माणसांसमक्ष, ती पन्हळ मोजा. ती कापलेली वा आंखूड आढळल्यास वरील गणित घरांत समजावून सांगा. तुमच्या परीक्षेंत या प्रश्नास गुण नाहींत. परंतु घरांतील कोणाचा हात त्यामुळें वांचला, तर आमच्या शिकविण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.