पांढरा ड्रेस, मोकळे केस

गेल्या गॅदरिंगला शॉर्ट फिल्मची स्पर्धा झाली. सात फिल्म्स आल्या, त्यातल्या चार भुताच्या! साहजिकच आहे. बजेट शून्य, लोकेशन फुकट (वर्कशॉपमागचं आवार आहेच), आणि लाइट गेले की वातावरण आपोआप तयार. त्यातली एक आमच्या विंगची होती, तेव्हा पुढची टीका आधी स्वतःवरच आहे.

चारही फिल्म्समध्ये मुली वेगळ्या होत्या, पण पात्रं मात्र तीच. पांढरा ड्रेस आणि मोकळे केस असले की भूत. जीन्स घालून मोठ्यानं हसली की मरणार. ओढणी नीट आणि हातात पुस्तक असलं की वाचणार. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ही गेली!" आणि ती खरंच गेली. एकही डायलॉग बोलायच्या आधी!

हे येतं कुठून? आपण पाहिलेल्या सिनेमांतून. पण नीट पाहिलं तर मूळ सिनेमे एवढे सरळ नाहीत.

जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन' (१९७८) घ्या. बजेट सुमारे तीन लाख डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या मानानं आपल्यासारखीच अवस्था. नायिका लॉरीचे कपडे साध्या दुकानातून शंभरेक डॉलरमध्ये आणलेले. साधे, अंग झाकणारे कपडे आणि छातीशी धरलेली पुस्तकं. बिनधास्त मैत्रिणी मरतात, लॉरी वाचते. अशा शेवटी उरणाऱ्या मुलीला कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासिकेनं १९८७ च्या लेखात 'फायनल गर्ल' असं नाव दिलं. पण मैत्रिणींना शिक्षा द्यायचा हेतू नव्हता, असं कार्पेंटर यांनी पुढे अनेकदा सांगितलं. त्या आपल्या नादात होत्या, लॉरीचं आजूबाजूला लक्ष होतं, एवढंच. शिवाय मुलींचे बहुतेक संवाद सहलेखिका डेब्रा हिल यांनी लिहिले होते. म्हणून त्या पोरी खऱ्या वाटतात. आपण स्कर्ट आणि पुस्तकं उचलली, लक्ष देणारी मुलगी तिथंच सोडली.

दुसरं उदाहरण 'कॅरी' (१९७६). सिसी स्पेसेक ऑडिशनला केसांना व्हॅसलीन फासून, सातवीत असताना आईनं शिवलेला ड्रेस घालून गेली होती. म्हणजे पात्र कपड्यांतूनच उभं केलं. सिनेमात कॅरी पार्टीसाठी स्वतः फिकट गुलाबी ड्रेस शिवते आणि आईला तो लाल दिसतो. ड्रेस एकच, पण मुलीच्या नजरेत एक आणि आईच्या नजरेत दुसरा. कॉश्च्युमनं काम करायचं ते असं!

पांढऱ्या रंगाचंही तसंच. 'रिंग' (१९९८) मधली सादाको पांढऱ्या कपड्यांत आहे, कारण जपानी परंपरेत मृताला पांढरी वस्त्रं घालतात. आपल्याकडे 'वो कौन थी' (१९६४) मधली पांढऱ्या साडीतली साधना आहे. आमच्या फिल्ममध्ये पांढरा ड्रेस का होता? रूम-पार्टनरच्या बहिणीचा होता म्हणून!

आता कास्टिंग. 'कॅरी'च्या वेळी स्पेसेक २६ वर्षांची होती. 'हॅलोविन'मधली लॉरी, म्हणजे जेमी ली कर्टिस, खरोखर १९ ची, पण तिची मैत्रीण झालेली पी. जे. सोल्स २७ च्या आसपास. तिकडे शाळकरी मुलगी बरेचदा मोठी बाई साकारते. ती कॉन्ट्रॅक्ट वाचून, पैसे घेऊन येते. आपल्याकडे उलट आहे. फर्स्ट इयरची पोरगी खरंच सतरा-अठराची असते आणि सीनिअर्सना 'नाही' म्हणायचं तिला सुचत नाही. आम्ही पाइपनं पाऊस पाडला, ज्युनिअर भिजली, पडली, शॉट 'भारी' आला. मग त्याचाच स्क्रीनशॉट स्टिकर होऊन ग्रुपवर फिरला. या वर्षी पुन्हा विचारलं तर "नको दादा" एवढंच म्हणाली. फिल्म आठ मिनिटांची होती, पण तिला याच कॅम्पसमध्ये चार वर्षं काढायची आहेत. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणखी एक गंमत. आपल्या फिल्ममध्ये मुलगी आधी का मरते? लेडीज हॉस्टेलचं गेट आठला बंद होतं म्हणून! रात्रीचे शॉट्स उरले की विग घालून पाठमोरा पऱ्या उभा. वाचणारीचे रात्रीचे शॉट्ससुद्धा त्यानंच दिले. आपल्याला वाटतं आपण कथा लिहितो. खरं तर निम्मी कथा वॉचमनकाका लिहितात.

म्हणून या वर्षी शूटिंगआधी चार प्रश्न स्वतःला विचारा.

१. हे कपडे त्या पात्रानं स्वतः निवडले असते का, की आपल्याला शॉट हवाय म्हणून आहेत?

२. नुसता फोटो पाहून कोण मरणार ते ओळखता येतं का? येत असेल तर कपडे बदला, नाहीतर कथा.

३. मुलीचे संवाद एका तरी मुलीनं वाचलेत का? खरं तर लिहायलाच द्या की!

४. कपडे, भिजणं, पडणं हे सगळं तिला आधी सांगितलंय का? एडिट झाल्यावर तिला दाखवून, तिनं हो म्हटल्यावरच फिल्म बाहेर काढणार का? आणि ती अठराच्या आत असेल तर घरच्यांची परवानगी हवीच.

रेक्टर सर आणि मॅडमना एक विनंती. वर्षातून दोन रात्री, स्टाफपैकी कोणी सोबत असेल तर, गेटची वेळ थोडी वाढवता आली तर बघा. आमच्या फिल्ममधल्या मुली जास्त जगतील!

पुढच्या गॅदरिंगला मागच्या रांगेतून पुन्हा कोणीतरी "ही गेली!" म्हणून ओरडणारच. या वेळी तो चुकला पाहिजे.