टॅग लावण्याआधी हिशेब मागा

आमच्या मॉनिटरिंग कंपनीच्या प्रतिनिधीचं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही: "सर, हे सगळं आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेलं आहे." डॉक्युमेंटेशन मी वाचलं होतं. म्हणूनच तर सुरुवातीलाच ईमेल करून विचारलं होतं की टॅग वाढवले तर पैसे वाढतात का. त्यांच्याच इंजिनिअरचं लेखी उत्तर आलं, "मोजणी मेट्रिकची होते, टॅग हवे तितके लावा." त्यासोबतच्या नमुना कोडमध्ये ग्राहक क्रमांकाचा टॅग त्यांनीच लावून दिला होता.

मग बिल आलं. वापराच्या पानावर गेलो. पेमेंटला लागणारा वेळ, एवढं आमचं एकच मेट्रिक आणि त्याच्यासमोर लाखांतला आकडा. त्या क्षणी सगळं लख्ख कळलं: टॅगच्या मूल्यांची प्रत्येक वेगळी जुळणी ही स्वतंत्र सीरिज धरली जात होती आणि पैसे सीरिजमागे लागत होते. इकडे ऑफिसात "टॅग कोणी घातला?" अशी कुजबुज सुरू झाली. तो ईमेल मी सगळ्यांना पाठवला. कंपनीचं उत्तर काय, तर "ते इंजिनिअर आता या टीममध्ये नाहीत." शेवटी थोडी सूट दिली, तीही उपकार केल्यासारखी. चूक त्यांची होती, हे मात्र शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

ज्यांना स्वतःच्या ॲप्लिकेशनची मेट्रिक्स बाहेर पाठवायची आहेत, त्यांनी आधी गुणाकार करावा. २० रूट, ५ स्टेटस कोड आणि १० पॉड म्हणजे १,००० जुळण्या. प्रोमिथियसच्या गो लायब्ररीतला हिस्टोग्राम मूळ बकेट्ससह एका जुळणीमागे १४ सीरिज काढतो, म्हणजे झाल्या १४,०००. त्यात १,००० ग्राहकांचा टॅग घाला, कमाल आकडा १ कोटी ४० लाखांवर जातो. सगळ्या जुळण्या प्रत्यक्षात येत नाहीत हे खरं, पण थोड्या आल्या तरी पुरतं.

ग्राहक क्रमांक, ईमेल, ऑर्डर क्रमांक टॅगमध्ये कधीही नकोत. प्रोमिथियसच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हेच बजावलेलं आहे. एखाद्या ग्राहकाचं काय बिघडलं हे शोधायला लॉग आणि ट्रेस आहेत. यूआरएल टाकायचा तर रूटचा साचा टाका, क्रमांकासकट पूर्ण पत्ता नको. पॉडचं नाव खरंच लागतं का तेही बघा, कारण प्रत्येक डिप्लॉयमेंटला नावं बदलतात आणि नव्या सीरिज जन्माला येतात.

कोडमध्ये सरासरी काढून पाठवू नका. दहा पॉडच्या सरासरींची सरासरी खरी नसते. काउंटर आणि हिस्टोग्राम पाठवा, दर आणि पर्सेंटाइल पलीकडे काढता येतात.

मर्यादा पहिल्या दिवशीच घाला. प्रोमिथियसमध्ये 'सॅम्पल लिमिट' आहे, पण ती ओलांडली की त्या टार्गेटचं अख्खं स्क्रेप नाकारलं जातं, तेव्हा त्यावर अलर्ट हवाच. ओपनटेलिमेट्रीच्या स्पेसिफिकेशनमध्ये एका मेट्रिकला २,००० जुळण्यांची मूळ मर्यादा सुचवली आहे. तुमच्या भाषेच्या एसडीकेत ती आहे का, तपासून घ्या. ॲप आणि विक्रेत्याच्या मध्ये ओपनटेलिमेट्रीचा कलेक्टर ठेवलात तर नको ते टॅग तिथेच गाळता येतात, ॲप पुन्हा डिप्लॉय करावं लागत नाही. टॅग गाळल्यावर आकडे नीट एकत्र होतात ना, तेवढं पाहा.

बाकी नेहमीचंच: करार नीट वाचा, खर्चाचा अलर्ट लावा, कोड रिव्ह्यूमध्ये नवा टॅग दिसला की थांबून विचारा.

आणि विक्रेत्याच्या नमुना कोडवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो कोड लिहिणाऱ्याच्या खिशातून बिल जात नाही. "आमचा अमुक टॅग महिन्याला किती रुपयांना पडेल?" हे आकड्यात आणि लेखी मागा. आकडा मिळत नसेल, तर तो टॅग लावू नका.