घटक ४ : प्रवासातील रेखाटनवही

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• स्मरणातून झालेले प्रवासलेखन आणि जागेवर केलेली नोंद यांतील फरक सांगता येईल.
• रेखाटन व शब्द यांचे परस्परपूरक नाते स्पष्ट करता येईल.
• सुट्टीतील प्रवासात स्वतःची रेखाटनवही ठेवता येईल.

४.२ प्रास्ताविक

प्रवासात जागेवरच काढलेली झटपट चित्रे आणि त्यांच्या शेजारी लिहिलेले चार शब्द ज्या वहीत असतात, तिला आपण रेखाटनवही म्हणू. ती ठेवण्यासाठी चित्रकार असावे लागत नाही. चित्र किती सुबक आले यापेक्षा ते काढताना आपल्या नजरेस काय पडले, याला प्रवासलेखनाच्या अभ्यासात अधिक महत्त्व आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ स्मरण आणि नोंद

पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात गेले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. ‘माझा प्रवास’ मात्र त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर लिहिला. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो संपादित करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. जे मनावर कोरले गेले ते स्मरण किती जिवंत ठेवते, हे या ग्रंथातून दिसते. परंतु स्मरण निवड करते. भीती, भूक, वैभव मनात राहते. रोजच्या कामाचा क्रम आणि वस्तूची घडण पुसट होते.

याच्या उलट उदाहरण फ्रेंच चित्रकार देलाक्रवा यांचे आहे. १८३२ मध्ये राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेले असता त्यांनी वह्यांत रेखाटने, रंगांचे हलके हात आणि शब्दांतील टिपणे एकाच पानावर मांडली. पुढे कित्येक वर्षे त्यांची चित्रे या वह्यांवर पोसली गेली.

४.३.२ हमरापूर : एक उदाहरण

पनवेल–रोहे लोहमार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर हे स्थानक लागते. हमरापूर, जोहे परिसरात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत तेथे गेलेल्या प्रवाशाला न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा दिसतात. छायाचित्र क्षणात निघते आणि ‘असंख्य मूर्ती’ एवढाच ठसा उरतो.

तीच रांग दहा मिनिटे रेखाटू लागलात की प्रश्न उभे राहतात. साच्याचा सांधा नेमका कोठे आहे? हात वेगळे का जोडले? काथ्या कशासाठी? डोळ्यांची आखणी शेवटी का? रेघ अडते तेथे आपली समजूत अपुरी असते. मग कारागिराला विचारावे लागते आणि संभाषण सुरू होते. त्याने वापरलेला शब्द चित्राशेजारी जसाच्या तसा लिहावा. शाडू साच्यात हाताने दाबून भरतात, तर प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून ओततात. या दोन कृतींतील हातांच्या ठेवणीचा फरक वर्णनापेक्षा दोन रेघांत लवकर कळतो.

या नोंदीला आज आणखी एक अर्थ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना प्रतिकूल भूमिका घेतली. पाण्याचे प्रदूषण हा एक प्रश्न, कारागिरांची रोजीरोटी हा दुसरा. वाद वाढला की दोन्ही बाजूंनी ठोकळ विधाने केली जातात. प्रत्यक्ष काम पाहून काढलेले पान कोणाचीही बाजू घेत नाही, पण माती बदलली की साचा, वजन, वाळण्याचा काळ आणि मजुरी यांत काय बदलते, हे विचारण्यास आधार देते.

४.३.३ नोंदीची शिस्त

१. प्रत्येक पानावर स्थळ, तारीख व वेळ लिहावी.
२. पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले वेगवेगळे ठेवावे.
३. काम करणाऱ्या व्यक्तीचे रेखाटन परवानगीने करावे. नव्या नमुन्याची मूर्ती कारखानदाराला विचारल्याशिवाय काढू नये. ती त्याच्या हंगामाची पुंजी असते.
४. घरी आल्यावर रेखाटन ‘सुधारू’ नये. नंतर सुचलेले वेगळ्या शाईने लिहावे.

४.४ सारांश

स्मरण अनुभवाचा भाव जपते, तर जागेवरची नोंद त्याचा तपशील जपते. रेखाटन पाहणाऱ्याला थांबवते आणि थांबल्यामुळे प्रश्न सुचतात. चांगल्या प्रवासवर्णनाला हे दोन्ही लागतात. सुट्टीतला पाहुणा दुसऱ्याच्या कष्टाच्या जागी उभा असतो, याची जाणीवही वही ठेवताना होते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

१. ‘स्मरण निवड करते’ हे विधान ‘माझा प्रवास’च्या संदर्भात स्पष्ट करा.
२. छायाचित्र आणि रेखाटन यांतून मिळणाऱ्या माहितीची तुलना करा.
३. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराचे काम त्याच्या परवानगीने तीन टप्प्यांत रेखाटा. प्रत्येक टप्प्याशेजारी त्याने वापरलेला एक शब्द लिहा आणि त्या पानावरून दीडशे शब्दांचे वर्णन तयार करा.