शाळेच्या संगणकासाठी प्रोसेसरची निवड

सुटे भाग आणून संगणक जोडावयाचा झाला म्हणजे सर्वांत आधी प्रोसेसर ठरवावा लागतो. बाकीचे भाग पुष्कळसे त्याच्या अनुरोधाने येतात. अंबरनाथ पूर्वेकडील, मलंगगडाच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातील शाळेने लोकवर्गणी जमविली, शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला आणि गुरुजी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदीस गेले, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न हाच असावयाचा: "प्रोसेसर कोणता?" उत्तर तयार नसेल तर फळीवर जो माल शिल्लक असेल तो गळ्यात पडण्याचा संभव असतो. अशी वर्गणी गावात दरवर्षी जमत नाही.

प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर कोरलेल्या सूक्ष्म विद्युत्-कळांचा समूह होय. १९७१ साली निघालेल्या इंटेल ४००४ मध्ये अशा सुमारे २,३०० कळा, म्हणजे ट्रान्झिस्टर, होत्या. आज त्यांची गणना अब्जांत होते. जाहिरातीत गिगाहर्ट्झचा आकडा ठळक छापलेला असतो. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. पण एका ठोक्यात किती काम उरकते हे प्रत्येक पिढीत बदलते; म्हणून केवळ या आकड्यावरून जुन्या व नव्या प्रोसेसरची तुलना करू नये. दुसरा आकडा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या हातांचा. मुलांना हे समजावून देण्यास अंबरनाथचे शिवमंदिर उपयोगी पडेल. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या या मंदिराच्या भिंती अनेक पाथरवटांना वाटून घेता आल्या असतील. पण एकाच लहान मूर्तीवर आठ जण बसविले तर काम आठपट होत नाही, उलट अडचणच होते. जे काम वाटता येत नाही, त्याला जादा कोअरचा लाभ नाही.

काम वाटून घेण्याचे मोठे उदाहरण पुण्याचे आहे. हवा तसा महासंगणक परदेशातून मिळेना, तेव्हा १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्यासाठी ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर निवडले गेले. शेजारच्या प्रोसेसरशी थेट बोलण्याची सोय त्यांच्या अंगभूत होती, आणि अनेकांकडून एकत्र काम घेणे हाच तर हेतू होता. पुढे ट्रान्सप्युटरची नवी पिढी वेळेवर आली नाही व 'परम ९०००' साठी सुपरस्पार्क प्रोसेसर घेण्यात आले. आजचा प्रोसेसर उद्याही चालेल काय, हा प्रश्न एवढ्या मोठ्या संस्थेलाही चुकला नाही.

शाळेपुढे तो वेगळ्या रूपाने येतो. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढेच अधिकृतपणे चालते. पिढी नावातच लिहिलेली असते: आय३-७१०० हा सातव्या पिढीचा, आय३-१२१०० हा बाराव्या. देणगीदाखल आलेला जुना संगणक मात्र टाकून देऊ नये. लिनक्सवर तो पुष्कळ दिवस चालतो.

सर्वांत महाग पडणारी चूक एका अक्षराची आहे. आय३-१२१०० मध्ये पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय असते. १२१००एफ मध्ये ती नसते. एफ स्वस्त म्हणून घेतला तर निराळे ग्राफिक्स कार्ड घेईपर्यंत पडदा काळाच राहतो. रायझन ५००० मालिकेत नेमके उलट आहे: ५६००जी मध्ये ही सोय असते, नुसत्या ५६०० मध्ये नसते. तसेच सॉकेट जुळले पाहिजे. एएम४ च्या मदरबोर्डवर एएम५ चा प्रोसेसर बसत नाही, आणि इंटेलच्या बाराव्या पिढीला एलजीए १७०० लागते.

टंकलेखन, शैक्षणिक चित्रफिती आणि यू-डायसची माहिती भरणे एवढ्यासाठी चार कोअर पुरतात. त्याहून भारी प्रोसेसरला जाणारे पैसे ८ जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस यांवर घालणे अधिक शहाणपणाचे. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस आधी घ्यावा. प्रोसेसर शक्यतो बंद खोक्यातील व पक्क्या पावतीसह घ्यावा. 'ट्रे' म्हणून सुटा विकतात त्याबरोबर पंखा नसतो. तो वेगळा घेतल्यास त्याच्या किमतीने स्वस्ताई बरीचशी संपते.

बसविताना प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवावा. तो आपल्या वजनानेच जागी बसतो. अंगठ्याने दाबू नये. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या बुडाशी असतात, तर एलजीए १७०० व एएम५ मध्ये नाजूक स्पर्शतारा मदरबोर्डवर असतात; मुलांना त्या दाखवाव्या, परंतु हात लावू देऊ नये. खटका लावल्यावर वाटाण्याएवढा उष्णतावाहक लेप मध्यभागी ठेवून पंखा बसवावा. पंख्याच्या बुडाला लेप आधीच लावलेला असल्यास पुन्हा लावण्याचे कारण नाही.